बेदाण्याच्या ऑर्डरीतून आलेला ट्रोजन, आणि तो काढायची रीत

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचा बेदाण्याचा छोटा व्यापार आहे. माल बहुतेक तासगावचा, हंगामात थोडी हळदही, आणि सगळा हिशेब सांगलीत विश्रामबागच्या घरातल्या एका कॉम्प्युटरवर. त्याच कॉम्प्युटरवर सूनबाई टॅली करतात आणि नातू गेम खेळतो. गेल्या पावसाळ्यात एकदा रात्री साडेदहाला काकांचा फोन आला. "अरे, जरा वर ये की. काम काही चालू नाही तरी मशीनचा पंखा घूंघूं करतोय. आणि मिरजेचे एक व्यापारी विचारायलेत, तुम्ही कसलं बिल पाठवलंय म्हणून. मी कुणाला काय पाठवलंच नाही."

दोन दिवस त्या मशीनपुढे बसलो. जे केलं ते क्रमानं लिहितो, कारण घोळ बहुतेक वेळा क्रमातच होतो. लोक आधी स्कॅन लावतात, तो संपायच्या आत त्याच मशीनवरून बँकेचा पासवर्ड बदलतात, आणि नवा पासवर्डही चोराच्या हातात देतात. खालचं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे.

आधी हा प्रकार काय आहे ते

व्हायरस दुसऱ्या फायलींना चिकटतो, वर्म नेटवर्कवरून आपला आपण पसरतो. ट्रोजन यातलं काही करत नाही. तो काहीतरी कामाची वस्तू बनून दारात उभा राहतो आणि त्याला आत आपणच घेतो. नाव ग्रीक कथेतल्या लाकडी घोड्यावरून पडलं. १६६३ साली लाल महालावरच्या छाप्याआधी मावळे लग्नाच्या वरातीत मिसळून पुण्यात शिरले, असं आपण लहानपणापासून ऐकतो. तंत्र तेच, फक्त इथे शायिस्ताखानाच्या जागी आपण असतो.

लपून राहण्याची कलाही जुनीच. १९८९ साली एड्सविषयी माहिती म्हणून हजारो फ्लॉप्या टपालानं वाटल्या गेल्या होत्या. त्यातला ट्रोजन मशीन ९० वेळा सुरू होईपर्यंत गप्प बसायचा, मग फायलींची नावं सांकेतिक लिपीत बदलून पैसे मागायचा. तोवर ती फ्लॉपी कुणाच्या लक्षातही राहायची नाही.

घरी येणारे ट्रोजन साधारण चार कामांतलं एखादं करतात. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज (आपण लॉग-इन आहोत हे साइटला सांगणाऱ्या छोट्या नोंदी) उचलणारे; दुरून मशीन चालवू देणारे; आपल्या विजेवर क्रिप्टोची नाणी खोदणारे; आणि आत शिरून बाकीच्यांना बोलावून आणणारे. शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट. २०१४ मध्ये बँकेचे तपशील चोरण्यासाठी निघालेला इमोटेट पुढे हेच दलालीचं काम करू लागला. २०२१ च्या जानेवारीत अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचे सर्व्हर ताब्यात घेतले, तरी त्याच वर्षाच्या अखेरीस तो पुन्हा दिसलाच.

खरी लक्षणं आणि खोटी

आपण न पाठवलेले मेल जाणं, न मागितलेले ओटीपी येणं, विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस डिफेंडर बंद पडून परत चालू न होणं, अँटीव्हायरसच्या वेबसाइट तेवढ्या न उघडणं, ही खरी लक्षणं. पासवर्ड उचलणारे ट्रोजन मात्र बऱ्याचदा काही मिनिटांत काम आटोपून स्वतःला पुसून टाकतात. त्यामुळे "मशीन तर मस्त चालतंय" यावरून काहीच सिद्ध होत नाही.

उलट ज्याला लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते बहुतेकदा ट्रोजन नसतंच. स्क्रीनच्या कोपऱ्यात "तुमच्या मशीनमध्ये १७ व्हायरस सापडले" अशी लाल चौकट येते, ती एखाद्या साइटला आपण कधीतरी "अलाउ" म्हटल्यामुळे आलेली नोटिफिकेशन असते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, तिथून साइट सेटिंग्ज, तिथून नोटिफिकेशन्समध्ये जा आणि अनोळखी साइट काढून टाका, काम झालं. पूर्ण स्क्रीन व्यापून फोन नंबर दाखवणारी सूचनाही तशीच. टास्क मॅनेजरमधून (कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून तो उघडतो) ब्राउझर बंद करा आणि त्या नंबरावर अजिबात फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो.

पहिली पायरी: नेट तोडा

हरिपूरची हळद साठवायची जमिनीतली पेवं ज्यांनी पाहिलीत त्यांना माहीत असेल, पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही. कोंदलेली हवा आधी बाहेर जाऊ देतात, नाहीतर उतरलेला माणूस आतच गुदमरतो. इथेही तसंच. संशय आला की वाय-फाय बंद, लॅनची वायर काढलेली, आणि मग विचार. ट्रोजनचा मालक दूर बसलेला असतो, वायर काढली की त्याचा हात तुटतो.

या काळात पेन ड्राइव्ह लावू नका. बँक, मेल, यूपीआय, काहीही उघडू नका. डोळ्यांदेखत फायलींची नावं बदलायला लागली असतील तर विचार करत बसू नका, पॉवरचं बटण दाबून धरा आणि मशीन बंद करा.

दुसरी पायरी: पासवर्ड, पण मोबाइलवरून

आधी ईमेलचा, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड त्याच पेटीतून बदलता येतात. मग बँक, जीएसटी, आयकर, सोशल मीडिया. आणि इथे एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. ब्राउझरच्या कुकीज चोरीला गेल्या असतील तर चोराला पासवर्ड लागतही नाही, तो आधीच लॉग-इन झालेल्या अवस्थेत आत असतो. म्हणून प्रत्येक खात्यात "सर्व डिव्हाइसमधून साइन आउट" करा. गूगलमध्ये हे सिक्युरिटीखाली "युअर डिव्हाइसेस"मध्ये सापडतं. तिथेच टू-स्टेप व्हेरिफिकेशनही चालू करून टाका.

मग मेलच्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा. काकांच्या मेलमध्ये एक फिल्टर निघाला: ज्या मेलमध्ये "पेमेंट" शब्द असेल तो वाचलेला दाखवून थेट कचऱ्यात. व्यापाऱ्यांची उत्तरं काकांना दिसत नव्हती ती त्यामुळे. मशीन कितीही स्वच्छ केलं असतं तरी हा फिल्टर तसाच राहिला असता, कारण तो मशीनमध्ये नव्हताच.

पैसे गेले असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त.

तिसरी पायरी: हिशेब आणि फोटो बाहेर काढा

स्वच्छ केलेली एक्स्टर्नल डिस्क घ्या आणि फक्त स्वतःचा माल उचला: टॅलीचं डेटा फोल्डर, फोटो, पीडीएफ, एक्सेल. सेटअपच्या फायली, डाउनलोड फोल्डर सरसकट, गेम, "फॉन्ट कन्व्हर्टर" असलं काही घेऊ नका. कॉपी झाली की डिस्क काढून बाजूला ठेवा. ती पुढे स्वच्छ मशीनवर स्कॅन केल्याशिवाय उघडायची नाही.

चौथी पायरी: नुसतं बघा, हात लावू नका

हा भाग वेळ खातो, पण खरी मजाही इथेच आहे.

फाइल एक्स्प्लोरर उघडून "व्ह्यू"मध्ये "फाइल नेम एक्स्टेन्शन्स" चालू करा. विंडोज ही फाइलच्या नावामागची शेपटी मुळात लपवूनच ठेवतं आणि निम्मे ट्रोजन त्याच आडोशाला जगतात. त्याच ठिकाणी "हिडन आयटम्स"ही चालू करा. काकांच्या डाउनलोडमध्ये "बेदाणा कोटेशन" नावाची फाइल होती, चिन्ह लाल पीडीएफचं. शेपटी दिसायला लागली तसं नाव पूर्ण झालं: बेदाणा कोटेशन डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई. म्हणजे कागद नव्हे, चालणारा प्रोग्राम. चिन्ह कुणालाही काहीही लावता येतं, खरी ओळख शेवटच्या टिंबानंतरची. २००० सालच्या "आय लव्ह यू" वर्मनं हीच युक्ती केली होती. पत्राचं नाव टीएक्सटीनं संपल्यासारखं दिसायचं, पण त्याच्या मागे व्हीबीएस, म्हणजे चालणारा प्रोग्रामच, लपलेलं असायचं.

ही फाइल झिपमधून आली होती, झिपला पासवर्ड होता आणि तो पासवर्ड मेलमध्येच लिहिला होता. काकांना वाटलं, पार्टी किती काळजी घेते. खरं कारण वेगळं: पासवर्ड असलेली झिप मेलच्या स्कॅनरला आतून बघता येत नाही.

आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. अनोळखी नावावर राइट क्लिक करून "ओपन फाइल लोकेशन" घ्या. नाव काय आहे यापेक्षा ते कुठे राहतं ते महत्त्वाचं. विंडोजची मागची कामं चालवणाऱ्या "एसव्हीसीहोस्ट"च्या ढीगभर ओळी दिसल्या तर दचकू नका, त्या असतातच. पण खरा एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या फोल्डरमधल्या सिस्टम ३२ मध्ये राहतो. त्याच नावाचा एखादा तुमच्या युजर फोल्डरमधल्या ॲपडेटामध्ये किंवा टेम्पमध्ये राहत असेल तर तो तोतया. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये "डिजिटल सिग्नेचर्स" (बनवणाऱ्याची सही) हा टॅबच नसेल तर संशय आणखी वाढवा. पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. आपल्याकडची कितीतरी प्रामाणिक लहान सॉफ्टवेअर सहीशिवायच येतात.

काकांकडे इथे गंमत झाली. टास्क मॅनेजर उघडला की पंखा शांत, सगळे आकडे खाली. बंद केला की मिनिटभरात पुन्हा घूंघूं. तीनदा करून बघितलं. काकू चहा घेऊन आल्या होत्या, म्हणाल्या, "हे तर आमच्या नातवासारखंच. मी आले की पुस्तक समोर." नाणी खोदणारे काही ट्रोजन खरंच असे असतात, टास्क मॅनेजर दिसला की काम थांबवतात.

अशांना पकडायला चालू असलेल्या गोष्टी बघून उपयोग नाही, मशीन सुरू होताना कोण कोण उठतं ते बघावं लागतं. मायक्रोसॉफ्टचंच "ऑटोरन्स" नावाचं मोफत साधन आहे. ते दुसऱ्या स्वच्छ मशीनवर उतरवा, नव्या पेन ड्राइव्हवर आणा, आणि तो पेन ड्राइव्ह नंतर फॉरमॅट करा. ऑटोरन्स ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा आणि ऑप्शन्समध्ये मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा. शेकडो ओळींच्या तीस-चाळीस होतात. गुलाबी ओळ म्हणजे प्रकाशकाची माहिती नाही किंवा सही पटलेली नाही. पिवळी म्हणजे नोंद आहे पण फाइल जागेवर नाही. पिवळ्या बहुतेक निरुपद्रवी उरलंसुरलं असतात, वेळ गुलाबी ओळींना द्या. संशयित नोंद लगेच डिलीट न करता आधी तिच्यापुढची टिक काढा. चूक झाली तर टिक परत लावता येते.

त्याच साधनात "शेड्यूल्ड टास्क्स" टॅब नीट वाचा. दर दहा मिनिटांनी चालणारी, पॉवरशेल (विंडोजला लेखी हुकूम द्यायचं साधन) उघडून पुढे अगम्य अक्षरांची लांबलचक माळ चालवणारी एखादी नोंद दिसली तर चोर सापडला समजा. काकांच्या मशीनवर अशा दोन होत्या. एकीची वेळ बेदाण्याच्या मेलशी जुळत होती: मेल सकाळी ११:३८ ची, फाइल ११:४२ ला तयार झालेली. दुसरी पाच महिने जुनी, नातवानं उतरवलेल्या गेमच्या क्रॅकसोबतची (क्रॅक म्हणजे विकतचं फुकटात चालवायची चोरटी सोय).

मग डिफेंडरनं हे दोघे पकडले का नाहीत? उत्तर विंडोज सिक्युरिटीत मिळालं. "व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन", तिथे "मॅनेज सेटिंग्ज", आणि तळाशी "एक्सक्लूजन्स". म्हणजे डिफेंडरनं कुठे बघायचं नाही, त्याची यादी. यादीत एकच ओळ: अख्खा सी ड्राइव्ह. मशीन विकणाऱ्यानं तीन वर्षांपूर्वी क्रॅक केलेलं ऑफिस टाकताना ते लावून ठेवलं होतं. रखवालदार पगारावर होता, फक्त त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलेलं. तुमचं मशीन कितीही चांगलं चालत असलं तरी ही यादी आज उघडून बघा. सामान्य घरात ती रिकामीच असायला हवी.

एखाद्या फाइलबद्दल खात्री होत नसेल तर ती व्हायरसटोटल या गूगलच्या मालकीच्या साइटवर तपासता येते. तिथे कितीतरी अँटीव्हायरस एकदम मत देतात. तीनचारांनीच लाल दाखवलं तर ती चुकीची शंकाही असू शकते, तीसचाळीसांनी दाखवलं तर वाद संपला. पण हिशेबाच्या, आधारच्या, बँकेच्या फायली तिथे चढवू नका. चढवलेल्या फायली सुरक्षा कंपन्यांना पुढे बघता येतात.

पाचवी पायरी: स्कॅन

आधी एक्सक्लूजन्स रिकामं करा. "टॅम्पर प्रोटेक्शन" (डिफेंडर कुणी परस्पर बंद करू नये म्हणूनचं कुलूप) चालू आहे का बघा. अपडेटपुरतं नेट जोडून डिफेंडर ताजा करा आणि पुन्हा तोडा. मग "स्कॅन ऑप्शन्स"मधून फुल स्कॅन. जुन्या हार्ड डिस्कवर याला काही तास लागतात, रात्री लावून झोपा.

नंतर त्याच यादीतला "ऑफलाइन स्कॅन". मशीन बंद होऊन विंडोज उठायच्या आतच तपासणी होते. ज्या ट्रोजननं विंडोजचेच डोळे बांधलेत, तो इथे उघडा पडतो, कारण तो अजून उठलेलाच नसतो. साधारण पंधरा मिनिटं लागतात. निकाल नंतर "प्रोटेक्शन हिस्टरी"त बघायचा.

दुसरं मत जरूर घ्या, पण एकदाच चालवून काढून टाकायच्या साधनाचं. दोन अँटीव्हायरस कायमचे ठेवले तर ते एकमेकांच्याच पायात पाय घालतात. मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर चांगला आहे, उतरवल्यापासून दहा दिवसच चालतो, म्हणून दर वेळी ताजा घ्यावा. भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेनं २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर क्विक हीलसारख्या कंपन्यांची मोफत साधनं मिळतात. (क्विक हीलचे संस्थापक कैलास काटकर आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातले, हे सांगितल्यावर काकांचा त्या साधनावरचा विश्वास एकदम दुप्पट झाला.)

सापडलेलं लगेच डिलीट न करता क्वारंटाइनमध्ये, म्हणजे अँटीव्हायरसच्या कोंडवाड्यात, टाका. मग बारीकसारीक: ब्राउझरची अनोळखी एक्स्टेन्शन्स, सेटिंग्जमधला प्रॉक्सी (आपलं नेट दुसऱ्याच्या मशीनमधून वळवणारी सोय), नको असलेली युजर अकाउंट्स, कुणीतरी "मदत" करताना टाकून गेलेलं एनीडेस्क, म्हणजे दुरून मशीन चालवायचं सॉफ्टवेअर. राउटरचा ॲडमिन पासवर्ड अजून कंपनीचाच असेल तर तोही बदला.

सहावी पायरी: फॉरमॅट करायचं का?

माझं मत सांगतो. दुरून मशीन चालवणारा ट्रोजन निघाला, साफ केलेलं रीस्टार्टनंतर परत आलं, किंवा विंडोजच क्रॅक केलेलं असेल, तर साफसफाईवर विसंबू नका, विंडोज नव्यानं टाका. आत आणखी काय ठेवून गेला असेल याची खात्री कुठलंच स्कॅन देत नाही. मग इतका वेळ शोधण्यात का घालवला, असं काकांनीही विचारलं. तो कधी आला आणि काय उचलू शकत होता हे कळल्याशिवाय कुठले पासवर्ड बदलायचे आणि कुठल्या तारखेचा बॅकअप चांगला, हे कसं ठरवणार?

दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून इन्स्टॉलेशनचा पेन ड्राइव्ह बनवा, ८ जीबी पुरतो. त्यावरून मशीन सुरू करून सगळी पार्टिशन्स काढा आणि नव्यानं टाका. दुकानदार फक्त सी ड्राइव्ह फॉरमॅट करतो आणि डी तसाच ठेवतो, कारण गिऱ्हाइकाचा डेटा तिथे असतो. पण गेमची क्रॅकही नेमकी डी वरच असते.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन ११ घेत असेल तर तेच टाका.

परत सामान लावताना

रोजच्या वापराचं खातं "स्टँडर्ड" ठेवा, ॲडमिन वेगळं. हा एक बदल बाकी सगळ्या उपदेशांपेक्षा जास्त कामाचा. क्रॅक ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस चालतं, मराठीला फुकटचं युनिकोड टायपिंग आहे, चोरीच्या फॉन्टची गरज नाही. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला पेन ड्राइव्हऐवजी मोबाइलवरून फाइल पाठवा. तिथल्या मशीनला दिवसभरात कितीजणांचे पेन ड्राइव्ह लागतात त्याला गणती नाही. आणि एक नवी युक्ती मुलांना आवर्जून सांगा: "मी रोबोट नाही" सिद्ध करायला एखादी साइट विंडोजची की आणि आर दाबायला, मग पेस्ट करून एंटर मारायला सांगत असेल, तर ती तुमच्याच हातानं ट्रोजन टाकून घेतेय.

दोनतीन आठवडे मेलच्या "नवीन साइन-इन"च्या सूचनांवर लक्ष ठेवा आणि ऑटोरन्स एकदा पुन्हा बघा.

काकांचं मशीन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उभं राहिलं. सगळ्यात जास्त वेळ मात्र शेवटच्या कामाला लागला. काकांच्या नावानं ज्या अकरा व्यापाऱ्यांना मेल गेले होते त्या प्रत्येकाला त्यांनी स्वतः फोन केला, "आमच्या नावानं आलेलं बिल उघडू नका" म्हणून. दहाजणांनी उघडलं नव्हतं. तासगावच्या एकानं उघडलं होतं, आणि त्याच मशीनवर त्यांच्या बँकेचंही काम चालायचं. सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं तिकडे गेलो.